आईचा गुरुवार : संग्रहालय, चित्रं आणि घरातली ज्येष्ठ माणसं

पोफळी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. खूप दिवसांनी धागा काढते आहे, थोडा लांबेल.

माझी आई ७८ वर्षांची. बाबा गेले त्याला येत्या मार्गशीर्षात दोन वर्षं होतील. आई तशी ठणठणीत आहे. बीपीची एक गोळी, गुडघे कुरकुरतात, बाकी तक्रार नाही. पण गेल्या दिवाळीपासून तिचं बोलणं आटत चाललं होतं. विचारलं तेवढंच उत्तर. टीव्ही लावून द्यावा तर ती खिडकीबाहेर बघत बसायची. देवळात जाऊया का? नको. बागेत? "तिथे सगळ्या आपापल्या सुनांचं बोलतात." डॉक्टरांनी तपासलं, रक्त बघितलं, म्हणाले वयाचं आहे, गुंतवून ठेवा. गुंतवून ठेवा म्हणजे नेमकं काय करा, ते कुणी सांगत नाही. मी शेंगा सोलायला द्यायचे, ती निमूट सोलायची.

जूनमध्ये माझी भाची मुंबईहून आली. तिला इथलं, पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघायचं होतं. आईला एकटं कुठे ठेवा, म्हणून तिलाही रिक्षात घातलं. मनात दुसरा काही हेतू नव्हता.

अडकित्ते मांडलेत तिथे आई थांबली. तिचं माहेर श्रीवर्धन, घरची पोफळीची वाडी. थोडा वेळ नुसती बघत राहिली आणि मग भाचीला म्हणाली, "हा आहे ना, हा मिरवायचा. याने रोठा कातरायला गेलीस तर बोट जाईल. आमच्या बाबांचा बघ असा होता," आणि हवेत मूठ उघडून मिटून दाखवली. भाचीने विचारलं, रोठा म्हणजे काय गं आजी? झालं. असोली सुपारी म्हणजे काय, ती वाळवायची किती, सोलायची कशी, खांडं कुणाला आणि बारीक कातरलेली कुणाला, पानाचं तबक कुणापुढे आधी धरायचं. वीस-पंचवीस मिनिटं आई बोलत होती. दोन अनोळखी बायका ऐकत उभ्या राहिल्या, तर त्यांनाही सामील करून घेतलं. रिक्षातही बोलत होती. रात्री जेवताना स्वतःहून आमटी मागून घेतली. मी ओट्याशी जाऊन डोळे पुसले.

मग मी शोधायला लागले, तेव्हा कळलं की कॅनडात माँट्रियलच्या कलासंग्रहालयात ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी दर गुरुवारी असा उपक्रमच चालवला गेला. कलाकृती बघायची आणि मग स्वतःच्या हाताने काही करायचं. तेव्हा तिथल्या मॅकगिल विद्यापीठात असलेले वृद्धविकारतज्ज्ञ ऑलिव्हिए बोशे यांनी त्याचा अभ्यास केला आहे. त्याच संग्रहालयाने फ्रेंचभाषक डॉक्टरांच्या संघटनेबरोबर नोव्हेंबर २०१८ पासून आणखी एक गोष्ट सुरू केली : डॉक्टरने औषधासारखी संग्रहालयाची भेट लिहून द्यायची. चिठ्ठी दाखवली की पेशंट आणि सोबतच्यांना प्रवेश फुकट.

माझे प्रश्न दोन. हे खरंच काही असतं, की तो एक चांगला दिवस होता? आणि खरं असेल तर आपल्याकडे घरच्या घरी कसं करायचं? दर आठवड्याला तेच अडकित्ते तर दाखवता येणार नाहीत.

सायंप्रकाश

आमच्या घरीही हेच चालू आहे. वाचते आहे. कुणीतरी सविस्तर लिहा.

मोजपट्टी

सार्वजनिक आरोग्यात काम करतो, म्हणून पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

सगळ्यात जास्त फिरणारा आकडा इंग्लंडचा आहे. डेझी फॅनकोर्ट आणि अँड्र्यू स्टेप्टो यांनी २०१९ मध्ये पन्नाशीपुढच्या ६,७१० लोकांची १४ वर्षांची माहिती मांडली. दर काही महिन्यांनी किंवा त्याहून जास्त वेळा संग्रहालय, नाटक, मैफल अशा ठिकाणी जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्के कमी होता. वर्षातून एकदोनदाच जाणाऱ्यांमध्ये १४ टक्के. ऐकायला छान वाटतं. पण हे निरीक्षण आहे. ज्याचे पाय चालतात, खिशात पैसे आहेत, सोबत माणूस आहे, तोच नाटकाला जातो. असे फरक त्यांनी हिशेबातून बरेच वजा केले आणि तरी काही उरलं. म्हणून मी त्याला मोडीत काढत नाही. पण "संग्रहालयात जा, आयुष्य वाढेल" असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

बोशे यांच्या गटाचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले होते. कोविडच्या काळात त्यांनी १०६ ज्येष्ठ घेतले. निम्म्यांना तीन महिने दर आठवड्याला संगणकावरून संग्रहालयाची फेरी आणि त्यानंतर गप्पा, निम्म्यांना काही नाही. पहिल्या गटातला एकटेपणा कमी झाला, बरं वाटणं वाढलं, आणि ज्याला आम्ही फ्रेल्टी म्हणतो, म्हणजे वयाबरोबर अंगातलं बळ उतरत जाणं, त्यातही सुधारणा दिसली. १०६ हा लहान आकडा आहे आणि तीन महिने हा थोडा काळ. शिवाय फायदा चित्रांचा की दर आठवड्याला कुणीतरी वाट बघतं याचा, हे वेगळं काढता येत नाही.

पोफळीताई, तुमच्यासाठी उत्तर इतकंच, की अपाय नाही, फायदा संभवतो, आणि एका भेटीवरून ठरवू नका. दहाबारा आठवडे धरून चला. आणखी एक. बोलणं कमी होणं, जेवणावरून मन उडणं हे नैराश्याचंही लक्षण असू शकतं. "वयाचं आहे" या उत्तरावर थांबू नका, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. संग्रहालय त्याच्या जोडीला, त्याच्याऐवजी नको.

गेरू

३४ वर्षं हायस्कूलला चित्रकला शिकवली. आता निवृत्त. दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, ताई.

आपण संग्रहालय बघतो म्हणजे काय करतो? पाटी वाचतो, सन बघतो, पुढे सरकतो. तासात दोनशे वस्तू. म्हाताऱ्या माणसाला यातून दमणूक मिळते, दुसरं काही नाही. बोस्टनच्या संग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी १९१६ सालीच यावर लिहून ठेवलं आहे. कपाटातल्या वस्तू बघायला माणसाला किती वाकावं, उकिडवं बसावं लागतं, याचे त्यांनी फोटो काढून दाखवले आणि या थकव्याला नावही दिलं. शंभर वर्षं होऊन गेली, आपली कपाटं तशीच.

तेव्हा पहिलं काम म्हणजे वस्तू कमी करा. तासाभरात तीन, फार तर चार.

दुसरं, पाटी वाचू नका. निदान आधी नको. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये शिक्षण विभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसन यांनी चित्रासमोर विचारायचे तीन प्रश्न बसवले. मराठीत सांगायचं तर : या चित्रात काय चाललंय? कशावरून म्हणता? आणखी काय दिसतंय? बस्स. चित्रकार कोण, शैली कुठली, हे विचारायचंच नाही. मी हे शाळेत आठवीच्या वर्गावर करून बघितलं आहे. वर्गात कधीही तोंड न उघडणारी पोरं बोलायला लागतात, कारण चुकायची सोयच नसते. सत्तरीतल्या माणसाचंही तेच. त्याला चुकायची भीती आठवीतल्या पोरापेक्षा जास्त असते, कारण घरात दिवसभर त्याला कुणी ना कुणी दुरुस्त करत असतं. "नाही हो बाबा, ते तसं नाही."

त्याच संग्रहालयाने अल्झायमर झालेल्यांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी खास भेटी चालवल्या, आणि २००७ पासून ही पद्धत इतर संग्रहालयांना शिकवण्याचा मोठा प्रकल्प केला. मोजक्या कलाकृती, समोर बसायला खुर्च्या, आणि घाई नाही. मुळात एवढंच आहे ते.

तिसरं, हाताला काम. बघून आल्यावर त्याच दिवशी काहीतरी काढायचं. आधी विचारून परवानगी मिळाली तर तिथेच पेन्सिलने, नाहीतर घरी. "मला कुठे येतं" हे ऐकायची तयारी ठेवा. त्यावर वाद घालू नका, फक्त कागद समोर ठेवा आणि स्वतः काढायला लागा. वाईट काढलंत तर आणखी उत्तम.

केळकर संग्रहालय यासाठी का चांगलं, तर दिनकर केळकरांनी गोळा केलं ते राजेमहाराजांचं तेवढंच नव्हे. दिवे, करंडे, वज्री, दौती, सोऱ्ये, वाड्यांचे दरवाजे. वीस हजारांवर वस्तू जमवल्या, त्यातल्या अडीचेक हजारच मांडलेल्या आहेत. लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हे सगळं उभं केलं. ज्या पिढीने या वस्तू वापरल्या ती पिढी आज आपल्या घरात बसली आहे. पंधरावीस वर्षांनी त्या कपाटासमोर उभं राहून "हा मिरवायचा" असं सांगणारं कुणी उरणार नाही.

सायंप्रकाश

गेरू सर, शेवटचं वाक्य वाचून सुन्न झाले. माझ्या सासऱ्यांना नेतेच या आठवड्यात.

उंबरठा

कल्पना पटते, पण दुसरी बाजूही सांगायला हवी. मी वडिलांना (८१) एका संग्रहालयात घेऊन गेले होते. तिकीट खिडकीपासून आत जायला पायऱ्या, कठडा एका बाजूलाच. आत बसायला एक बाक नाही. ते खांबाच्या ओट्यावर टेकले तर रखवालदार ओरडला, "ओ आजोबा, उठा तिथून." स्वच्छतागृह मागच्या अंगणात. वडील काही बोलले नाहीत, पण नंतर कुठेही जायचं म्हटलं की "तुम्ही या जाऊन" एवढंच म्हणतात. प्रोस्टेटचा त्रास असलेला माणूस बाहेर पडताना आधी तीच काळजी करतो, चित्रांची नाही.

म्हणून जाण्याआधी एक फेरी स्वतः एकट्याने मारा. बाक कुठे, पायऱ्या किती, स्वच्छतागृह कुठल्या मजल्यावर, सकाळी गर्दी असते की दुपारी, शाळांच्या सहली कुठल्या वारी येतात. मी हे केलं असतं तर वडील आज घरात बसून नसते.

मोजपट्टी

उंबरठा यांना पूर्ण अनुमोदन. परदेशातल्या पाहण्यांत हे सगळं आधीच सोडवलेलं असतं, म्हणून तिथले आकडे जसेच्या तसे इथे लागू होत नाहीत.

मर्सीकाठ

मी लिव्हरपूलला राहते. सासूबाई आमच्याकडे असतात, त्यांना स्मृतिभ्रंश आहे. इथल्या संग्रहालयांनी २०१२ मध्ये 'हाउस ऑफ मेमरीज' सुरू केलं. त्यांनी आधी शिकवायला घेतलं ते पेशंटना नव्हे, तर सांभाळणाऱ्यांना. जुनी वस्तू हातात देऊन गप्पा कशा काढायच्या, याचं प्रशिक्षण. त्यांचं एक फुकट ॲपही आहे, त्यात रोजच्या वापरातल्या जुन्या वस्तूंची चित्रं आणि आवाज आहेत.

सासूबाईंना सुरुवातीला त्यातलं काहीच ओळखू येईना. साहजिक आहे, त्यांचं आयुष्य गेलं सोलापुरात. इंग्लंडमधली १९५० सालची साबणाची वडी त्यांना काय सांगणार? इथल्या येमेनी समाजातल्या वृद्धांसाठी त्यांनी वेगळ्या वस्तू घातल्या आहेत, ते बघून मला सुचलं. मी सोलापूरहून नणंदेकडून वस्तू मागवल्या. चादरीचा तुकडा, पितळी फिरकीचा तांब्या, शेंगाचटणीचा खलबत्ता. तुकडा हातात दिल्यावर सासूबाईंनी पहिल्यांदा काय केलं असेल? उलटा केला. मागची वीण बघितली. त्यांचे वडील मागावर होते.

एक चूक मी बरेच महिने केली, ती तुम्ही करू नका. "आठवतंय का?" असं विचारू नका. आठवत नसेल तर तो प्रश्न म्हणजे थप्पड आहे. "ही कशी धरायची हो?" असं विचारलं की शब्द नसले तरी हात उत्तर देतात.

यमाईचा_डोंगर

आमच्या औंधाचं नाव कुणीच घेतलं नाही म्हणून लिहितो. श्री भवानी चित्रसंग्रहालय, १९३८ सालचं, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं. पंत स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. रविवर्म्याची सैरंध्री तिथे आहे, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं माता आणि मूल हे शिल्पही आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, डोंगराच्या वाटेवर.

आमच्या आबांना (वय ८३, जन्म शेतात गेला) नेलं होतं. मला वाटलं पाच मिनिटांत बाहेर येतील. सैरंध्रीपुढे उभे राहिले ते हलेनात. कीचकाकडे पाठवलेली द्रौपदी, गोष्ट त्यांना कीर्तनातून पाठ. म्हणाले, "हिला जायाचं न्हाई. पाठवत्यात म्हनून चाललीया." मग माझ्या मोठ्या आत्याचं लग्न कसं ठरलं, ती गोष्ट तिथेच सांगितली. आमच्या घरात ती गोष्ट पन्नास वर्षांत कुणी तोंडातून काढली नव्हती.

पोफळी

सगळ्यांचे आभार. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी थोडं औषध सुरू केलं आहे आणि संग्रहालयाचं ऐकून म्हणाले, दर आठवड्याला वार ठरवून करा. आम्ही गुरुवार ठरवला.

पण दुसरी भेट साफ फसली. गेरू सरांचे तीन प्रश्न मी पाठ करून गेले होते. दिव्यांपाशी उभी राहून विचारलं, "आई, यात तुला काय दिसतंय?" म्हणाली, "दिवा." "कशावरून?" तिने माझ्याकडे असं बघितलं! "परीक्षा घेतेस का माझी?" आणि बाहेर जाऊन बसली. या गुरुवारी जायला तयार नाही. कुठे चुकलं?

गेरू

चूक माझी आहे ताई, मी अर्धवट सांगितलं. प्रश्न चित्रासाठी आहेत. वस्तूसमोर, ती ज्याने वापरली त्या माणसाला "हे काय आहे" विचारणं म्हणजे परीक्षाच. पहिल्या वेळी भाचीने विचारलं ते आठवा. तिला रोठा म्हणजे काय हे खरोखर माहीत नव्हतं. तुम्हाला दिवा माहीत आहे आणि तो तुम्हाला माहीत आहे हे आईंना माहीत आहे. आपल्याला जे खरंच ठाऊक नाही तेच विचारा. वात किती तास जळायची? काजळी कशाने काढायची? घरात पहिला दिवा कुणी लावायचं? मला यातलं एकही उत्तर येत नाही.

शेवंती_७१

मी इथे वाचनमात्र असते, पण आज लिहिते. माझं वय नावातच आहे.

"गुंतवून ठेवा" हा शब्द मला फार लागतो. मूल रडू नये म्हणून खुळखुळा देतात तसं वाटतं. सकाळी चालायला जाते, भजनी मंडळ आहे, मुलगा-सून चांगले आहेत. तरीसुद्धा पूर्ण दिवसात मला कुणी असा एकही प्रश्न विचारत नाही, ज्याचं उत्तर त्यांना हवं असतं. जेवलीस का, गोळी घेतलीस का, हे प्रश्न माझ्या शरीराला असतात. पोफळी, तुझ्या आईला राग आला तो मला कळला. तिला कळलं की हा प्रश्न तिच्या तब्येतीसाठी आहे.

मागच्या चैत्रात नातीने शाळेच्या प्रकल्पासाठी चैत्रांगण काढून मागितलं. गौरीचा पाळणा, शंख, चक्र, कासव, नाग, तुळस, अंबारीतला हत्ती. माझ्या आईने अंगणात काढलेलं मी शेवटचं पाहिलं त्याला पन्नास वर्षं झाली असतील. बोटं थरथरत होती, तरी रेघ आली. नातीला कासवाचे पाय जमेनात, तर तिने माझा हात धरून "परत दाखव" म्हटलं. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

मी पुण्यातच असते. तुझ्या आईला चालणार असेल तर गुरुवारी मी येईन. मला अडकित्त्यातलं काही कळत नाही, आम्ही देशावरचे. तिला विचारायला माझ्याकडे पुष्कळ आहे.

मोजपट्टी

शेवंतीताईंच्या प्रतिसादाला आधार देणारी एक गोष्ट. लंडन आणि केंटमधल्या सात संग्रहालयांत एकट्या पडलेल्या ६५ ते ९४ वयाच्या ११५ लोकांसाठी दहा-दहा आठवड्यांचे उपक्रम झाले होते, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या हेलन चॅटर्जी यांच्या गटाचा प्रकल्प. लोकांना काय वाटलं हे मोजताना 'रमून गेलो' आणि 'काही नवं कळलं' हे उपक्रमाच्या मध्यावर आणि शेवटी इतर भावनांच्या मानाने जास्त वाढलेलं दिसलं. आपण म्हाताऱ्यांना खूश करायला धावतो. त्यांना शिकायचं असतं, हे आपल्या मनातही येत नाही.

पोफळी

उशिरा लिहिते आहे, माफ करा. आज आमचा सहावा गुरुवार झाला.

शेवंतीताई आल्या. आई आधी आढेवेढे घेत होती, पण "पाहुणी येणार आहे, मला काही वाडीतलं सांगता येत नाही, तूच ये" म्हटल्यावर निघाली. आता त्या दोघी आणि शेवंतीताईंच्या भजनातल्या आणखी दोघी अशा चौघी जातात. मी फक्त रिक्षा बघते. एका वेळी तीन वस्तू. मागच्या आठवड्यात गंजिफांपाशी, म्हणजे खेळायच्या जुन्या गोल पत्त्यांपाशी, सावंतवाडीवरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं, आणि आई घरी आली ती तावातावाने. मला ते फार आवडलं. भांडायलाही जीव लागतो.

घरी आल्यावर चौघी आमच्या जेवणाच्या टेबलावर काढायला बसतात. आई पहिले दोन आठवडे फक्त पेन्सिली तासून देत होती. तिसऱ्या आठवड्यात तिने आजोबांचा अडकित्ता काढायला घेतला. पात्याचं वळण तीनदा खोडलं. दोन्ही मुठी जमल्या. पण खिळा पात्याच्या किती वर होता ते तिला आठवेना, म्हणून तिने श्रीवर्धनला मामाला फोन लावला. एरवी ही दोघं भाऊबीजेला दोन मिनिटं बोलतात. त्या दिवशी मामा शिडी लावून माळ्यावर चढला, वय ७४, मामी खालून ओरडत होती ते आम्हाला फोनवर ऐकू येत होतं. अडकित्ता सापडला. गंजलाय म्हणे, पण खिळा शाबूत आहे. गणपतीला येताना घेऊन येणार आहे.

सगळं बदललं असं नाही. मंगळवारी-बुधवारी ती अजूनही खिडकीशी बसते. बाबांच्या वाढदिवसाला दिवसभर उठली नाही. पण काल रात्री स्वतःहून विचारलं, उद्याचा पाऊस कसा आहे.

उंबरठाताई, तुमच्या वडिलांना एकदा आमच्याबरोबर आणा. बसायची सोय कुठे आहे, जिना कुठला टाळायचा, सगळं आता आम्हाला पाठ आहे. चौघींमध्ये एक पुरुष आला तर त्यांना आवडेल, शेवंतीताईंनी तसं सांगून ठेवलं आहे.

आणि गेरू सर, आईचा निरोप. मुठीला पितळेची फुलं होती, ती रंगवायची आहेत. जलरंगात पितळ आणायचं तर पिवळ्यात काय मिसळायचं, ती विचारते आहे.